झटकलेल्या गोगलगायी

"फरक नाही, असं एका ओळीत लिहा आणि सही करा," साहेब म्हणाले. "पार्टीला झाडं तोडायची आहेत."

पार्टी म्हणजे खापरखेड्याच्या वाटेवर लेआउट पाडणारा एक बिल्डर. ओढ्याकाठचे करंज तोडले तर पाण्यात काय बदलेल, हे आमच्या धरमपेठेतल्या लॅबने सांगायचं होतं. ओढ्यावरून एके ठिकाणी विजेच्या तारा जातात. तिथली झाडं पूर्वीच काढलेली, म्हणून ऊन. बाकी सावली. मी दोन्हीकडचे वीस-वीस दगड टूथब्रशने घासले, निघालेलं शेवाळ वाळवून तोललं. उन्हात शेवाळ जास्त वाढतं. पण वजन जवळजवळ सारखं आलं.

मला ते पटेना. सही न करता मी पुन्हा ओढ्यावर गेलो.

पूर्वी आम्ही दोघं जायचो. एकाने आकडा बोलायचा, दुसऱ्याने तो परत उच्चारून लिहायचा. चूक तिथेच सापडते. जोडीदार तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला, जागा भरली नाही. तेव्हापासून मीच बोलतो, मीच लिहितो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यापासून घरीही आवाज माझाच.

उन्हातल्या दगडांवर गावातल्या वनिताबाई कपडे धूत होत्या.

"कोणाशी बोलून राहिले, भाऊ?"

"आकडे म्हणतोय."

"अन् गोगलगायी काहून फेकून राहिले? त्याईले नाही मोजत?"

घासण्याआधी दगडावरच्या गोगलगायी झटकून पाण्यात सोडायच्या, ही आमची पद्धत. मी तसं सांगितलं.

"सारं शेवाळ त्याच खातेत. म्हणून त इथं पाय घसरत नाही," बाई म्हणाल्या. "तिकडं सावलीत पाहा, दोन-चार सापडतीन."

मी ब्रश ठेवला आणि गोगलगायी मोजू लागलो.

"अकरा."

"अकरा," बाईंनी कपडे पिळता पिळता म्हटलं.

मी मान वर केली नाही. पुढचा दगड उचलला.

उन्हात दगडामागे सरासरी अकरा निघाल्या, सावलीत तीन. उजेडाने वाढलेलं शेवाळ गोगलगायींच्या पोटात होतं, आणि तोच फरक मी चाळीस वेळा झटकून टाकला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं: फरक आहे. लेआउटच्या सांडपाण्याने गोगलगायी मेल्या, तर सावली नसलेला ओढा शेवाळाने भरेल.

"गोगलगायींनी वकील केलं का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. पण रिपोर्ट गेला. एका काठाचे करंज राहिले, दुसऱ्या काठाचे तुटले.

तेव्हापासून मी खाणारे आधी मोजतो, उरलेलं नंतर.

फॉर्मवर 'मोजणीच्या वेळी हजर' असा एक रकाना असतो. तीन वर्षं मी तिथे रेघ मारत होतो. त्या दिवशी वनिताबाईंना पूर्ण नाव विचारून घेतलं.