लहान विमानाचं बुटकं दार

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. ह्यांच्यापुढेही नाही — आणि ह्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बदलापुरात, आमच्या खरवईच्या सोसायटीत मला सगळे ओळखतात. पाण्याचा टँकर आला नाही की खालून हाक येते, शैलाताई, जरा येता का. मी फटकळ. समोरच्याला गप्प करूनच वर येते. म्हणून विमानतळावर मी कशी भांडले ते सांगितलं, तेव्हा कुणी शंका घेतली नाही. उलट म्हणाले, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर आमच्याच्यानं झालं नसतं.

मी भांडले नव्हते. एक शब्दही नाही. पण तिथवर यायला मला थोडं मागून यावं लागेल.

नंदू माझा धाकटा भाऊ. लहानपणी ताप आला आणि त्याचे पाय गेले. मोरिवलीला आम्ही वाढलो, वडील तिथल्याच कारखान्यात. शाळा त्यानं कुबड्यांवर केली, पण पन्नाशीला आला तसे खांदेही थकले. त्याच्या बरंच आधी, आई गेली तेव्हाच मी त्याला माझ्याकडे आणलं — हे ‘मी आणलं’ मी फार लोकांना ऐकवलंय. खरं तर तो माझ्या जिवावर कधी बसून राहिलाच नाही. आमच्याच बिल्डिंगखाली छोटा गाळा घेऊन मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. आणि त्याच कमाईतून त्यानं बॅटरीची खुर्ची घेतली. चांगली जड, दणकट. सकाळी त्या खुर्चीवरून लिफ्टमध्ये शिरला की संध्याकाळपर्यंत मला दिसायचा नाही. गाळा, चहाची टपरी, भाजी मार्केट, तिथल्या बायकांशी घासाघीस. वर येऊन म्हणायचा, ताई, तुझ्यापेक्षा मेथी स्वस्त आणली बघ.

आमची केतकी त्याच्याच नादात वाढली. एकुलती एक आहे. तिच्या लग्नाचं बघायला लागलो, तेव्हा पहिलं स्थळ ठाण्याचं आलं. माणसं घरी आली, पोहे खाल्ले, नंदूशी हसून बोलली. दोन दिवसांनी निरोप — पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवून आले होते! मग मी काय समजायचं? मला कुणी काही म्हणालं नव्हतं. नंदूचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. ते माझ्याच मनानं घेतलं, आणि एकदा घेतलं ते सुटेना.

म्हणून इंदूरचं स्थळ आलं तेव्हा मी पाहण्याचा कार्यक्रम जाऊबाईंच्या घरी ठेवला. आमच्याकडे पाण्याचा त्रास आहे, असं त्यांना सांगितलं. नंदूला कळवलं, तेव्हा ती माणसं परतीच्या वाटेला लागली होती. विहीणबाईंनी विचारलं होतं, मुलीचे मामा काय करतात? मी म्हणाले, इलेक्ट्रिकल लाईनमध्ये आहेत, कामात असतात. त्यात खोटं काय होतं? पुढे केतकीनंच विचारलं — आई, मामाचं त्यांना सांगितलंयस ना? मी म्हणाले, हो तर. सगळं सांगितलंय. हे मात्र खोटं होतं. पोरीनं पुन्हा विचारलं नाही.

लग्न इंदूरला ठरलं. आणि आपल्याकडे लग्न म्हटलं की मामा आलाच. गौरीहर पुजायला नवरी बसते ती मामाकडच्या पिवळ्या साडीत. तिला मांडवात आणतो मामा. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा असतो तोही मामाच. नंदू म्हणाला, उभा राहण्याचं तेवढं भटजींना सांभाळून घ्यायला सांगू, बाकी सगळं मी करणार. साडी घ्यायला तो स्वतः उल्हासनगरला गेला. दुकानाला पायऱ्या. तर तिथला सिंधी शेटजी म्हणाला, “नंदूभाई, आप मत उठो, दुकान नीचे आएगा.” आणि माणसं साड्यांचे ढीग घेऊन फुटपाथवर. हे सांगताना नंदू इतका खूश होता — आणि मी भाजी परतत मनात म्हणत होते, ह्यानं आता आपणहून नको म्हणावं. प्रवास लांबचा, बाथरूमची अडचण, जेवणाची वेळ नाही, सगळं सुचवून पाहिलं. तो म्हणाला, होईल गं. मांडवात तो खुर्चीवरून शिरेल आणि विहीणबाई माझ्याकडे बघतील, हे चित्र काही डोळ्यांपुढून जात नव्हतं. तेवढ्यावरून लग्न मोडतं का? तेव्हा मला वाटत होतं, मोडतं.

हे आणि केतकी सामान घेऊन रेल्वेनं पुढे गेले. नंदूला रेल्वेत चढवणं अवघड, म्हणून आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढली होती. तिकीट काढतानाच कंपनीला खुर्चीचं वजन-माप कळवलं होतं, त्यांनी चालेल म्हणून सांगितलं होतं. विमानतळापर्यंत न्यायला खरवई गावातल्या जनार्दनचा टेम्पो होता. फळी लावली की खुर्ची सरळ आत चढते. नंदू मागे गाणी म्हणत होता. शिळफाट्याच्या पुढे माझ्या मोबाईलवर मेसेज आला. तांत्रिक कारणानं विमान बदललं आहे, मोठ्याऐवजी लहान येणार आहे, वेळ तीच, काही अडचण असेल तर काउंटरवर भेटा. मी वाचला आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. कुणाला काही बोलले नाही. तेव्हाच मनात काही आलं होतं का? आलं असणार.

काउंटरवरची मुलगी केतकीच्याच वयाची. ती टेप घेऊन बाहेर आली, खुर्ची मापली, नंदूकडे बघून हसली, आणि मग मला बाजूला घेऊन बोलली. लोक नंदूबद्दल नेहमी माझ्याशीच बोलतात, जणू तो तिथे नाहीच. एरवी मी त्यांना फटकारते — त्याला विचारा, त्याला कान आहेत. त्या दिवशी नाही फटकारलं. मुकाट्यानं तिच्याबरोबर चार पावलं लांब गेले. नंदू खांबाशी थांबला, मांडीवर साडीची पिशवी घेऊन.

ती म्हणाली, ह्या लहान विमानाचं सामानाचं दार बुटकं आहे, ही खुर्ची त्यातून आत जात नाही. सॉरी म्हणाली, मनापासून म्हणाली. मग तिनं मला सगळं नीट समजावून सांगितलं. उद्या सकाळी मोठं विमान आहे, तुम्हा दोघांना त्यात बसवते, वर काही द्यायचं नाही. किंवा आजच जा, सरांना आमच्या खुर्चीवरून नेऊ, तिकडेही देऊ, आणि त्यांची खुर्ची उद्याच्या विमानानं पाठवू. नाहीतर तिकीट रद्द करा. तुम्ही ठरवा मॅडम, घाई नाही.

लग्न परवा होतं. उद्या सकाळी निघालो असतो तरी दुपारच्या जेवणाला पोचलो असतो.

तुम्ही म्हणाल, ताण होता, सुचलं नसेल. तसं नाही हो. मला तिथे फार स्वच्छ सुचत होतं. इतके दिवस मी जी सबब शोधत होते, ती ह्या मुलीनं माझ्या हातात आणून दिली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी म्हणाले, त्यांचं रद्द करा, मी एकटी जाते. तिनं खांबाशी थांबलेल्या नंदूकडे पाहिलं. म्हणाली, सरांना विचारायचंय का एकदा? मी म्हणाले, नको, त्यांचं तेच म्हणणं आहे.

मग मी खांबापाशी गेले. नंदूला सांगितलं, विमान बदललंय, खुर्ची दारातून जात नाही, उद्याचं विमान फुल आहे, परवापर्यंत काही होत नाही. मी खूप भांडले, पण ऐकत नाहीत. बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, तेवढ्यानं काय होतं? त्यानं खुर्चीच्या दोन्ही बाजूंकडे पाहिलं, तिची रुंदी पहिल्यांदाच दिसावी तसं. म्हणाला, “माझंच चुकलं, ताई. एवढी जड घ्यायला नको होती.” आणि साडीची पिशवी माझ्या हातात दिली.

जनार्दन बाहेर चहा पीत थांबला होता. त्याला फोन करून बोलावलं. फळी लावता लावता तो म्हणाला, “मंग उद्याच्या इमानात नाय का बसवीत? मी सकाली परत आनतो त्यांना. पैसं नको मना.” मी म्हणाले, फुल आहे रे. तो म्हणाला, “इचारून तं बघा.” नंदूच त्याला म्हणाला, अरे, ताईनं विचारलं नसेल का? आणि माझ्याकडे बघून, तू जा, मामा नसला तरी चालेल, आई पाहिजे. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत मी तिथे उभी होते. मग आत गेले. विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

केतकी माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्या पाठीशी माझा मावसभाऊ उभा राहिला. ह्यांनी मोबाईल धरला होता, त्यात नंदू दिसत होता. घरी दाराशी खुर्ची लावून, नवा सदरा घालून बसला होता. प्रत्येक ‘सावधान’ला तो मुठीतल्या अक्षता स्वतःच्या मोबाईलवर टाकत होता. इकडे माझ्या हातातल्या अक्षता तशाच घामेजून चिकटल्या होत्या.

महिन्याभरात केतकीनं सासरी मामाच्या पायांचं, खुर्चीचं सहज सगळं सांगून टाकलं. विहीणबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, त्यांना येता आलं नाही ह्याचं फार वाईट वाटलं, पुढच्या वेळी नक्की आणा. झालं. ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं, ते एवढंच होतं.

केतकीनं मात्र कंपनीला सोडलं नाही. तक्रार लिहिली, नेटवर टाकली. त्यांचं उत्तर आलं की प्रवाशाला दुसऱ्या दिवशीच्या विमानाचा पर्याय दिला होता. तिनं मला फोन करून विचारलं. स्पीकर चालू होता, नंदू शेजारी जेवत होता. मी म्हणाले, खोटं बोलतात, ती काउंटरवरची मुलगी एक नंबरची उद्धट होती. नंदू म्हणाला, कंपन्या असंच म्हणतात गं केतू, ताई खोटं कशाला बोलेल? त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी ते विचारलंही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं. पण केतकीनं नवं घर घेतलं आणि वास्तुशांतीला बोलावलं. मामा, तू आलास तरच पूजा, म्हणाली. आठवडाभरानं नंदूनं मला सांगितलं की खुर्चीला अंबरनाथचं एक गिऱ्हाईक मिळालंय. म्हणाला, घडीची हलकी घेतो, कुठल्याही विमानात जाईल, पुन्हा तुला कुणाशी भांडायला नको. घडीची खुर्ची म्हणजे मागून दुसऱ्यानं ढकलायची. त्याच्या खांद्यांत चाकं फिरवायची ताकद राहिलेली नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला — नंदू, खुर्चीचा काही दोष नव्हता. मग त्यानं विचारलं असतं, मग कुणाचा? मी म्हणाले, बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते कर. अंबरनाथचा माणूस आला, खुर्ची चालवून बघितली आणि घेऊन गेला. नंदू पलंगावर बसून त्याला बॅटरीची काळजी कशी घ्यायची ते समजावत होता.

वास्तुशांतीला आम्ही गेलो. त्या दिवशी मोठंच विमान होतं. काचेतून ते बघून नंदू म्हणाला, “लहान असतं तरी गेलो असतो आता आपण.” मी मागून खुर्ची ढकलत होते, माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. तिकडे विहीणबाईंनी त्याला ओवाळलं. लग्नाचा विषय निघाला, तेव्हा माझ्याआधी तोच बोलला — माझ्या खुर्चीनं घोळ केला हो, ताई बिचारी एकटी भांडत होती.

आता गाळा आठवड्यातून दोनदा उघडतो, मला खाली न्यायला जमेल तेव्हा. भाजी मीच आणते. नवी बॅटरीची खुर्ची घेऊ या का, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, नको, केतूकडे जायचं असतं आपल्याला. मी परत विषय काढला नाही.

हे लिहितेय तेव्हा तो गॅलरीत आहे. ऊन त्याच्या तोंडावर आलंय, मला इथून दिसतंय. पूर्वी तो आपला आपण सावलीत सरकायचा. आता हाक मारावी लागते, आणि ताईला कामातून उठवायला नको म्हणून तो हाक मारत नाही. मी जाऊन त्याला आत घेईन. सांगणार नाही.