गेरूची खूण

आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी म्हणजे आमचेच काकासाहेब. नवरा म्हणून माणूस बरा, पण सेक्रेटरी म्हणून नुसता शोभेचा. वरच्या मोरीचं पाणी खालच्यांच्या देवघरात टपकायला लागलं, की हे पेपर तोंडासमोर धरायचे आणि आतून म्हणायचे, "सोनाजीला सांगा." मोटार जळली, सोनाजीला सांगा. ड्रेनेज तुंबलं, सोनाजीला सांगा. गच्चीवर एकीच्या पापडांवर दुसरीच्या गोधड्या पडल्या, तरी ते भांडण सोनाजीनंच मिटवायचं. कागदावर तो वॉचमन होता, आणि बिल्डिंग चालत होती ती त्याच्या जिवावर.

सोनाजी धनगराचा. वाळूजकडं कारखाने उभे राहिले आणि त्याच्या मेंढरांची चराई तारेच्या कुंपणाआड गेली. कळप खुलताबादकडच्या थोरल्या भावाच्या, सूर्यभानच्या हवाली करून तो शहरात आला आणि बायकोला, बानाबाईला घेऊन फाटकाजवळच्या खोलीत राहायला लागला. कळप सुटला तरी सवय सुटली नव्हती. नळाला दिवसाआड पाणी यायचं, आणि ते नीट चढलं नाही की खालच्या हौदावर हंडे-कळश्या घेऊन आमची झुंबड. तिथं हा हातात काठी धरून उभा. "एकामागं एक, एकामागं एक. ओ मास्तरीणबाई, घुसू नका." एकदा मी चिडलेच. म्हटलं, "सोनाजी, आम्ही काय मेंढरं आहोत का?"

"मेंढरं बरी बाई," तो हसून म्हणाला, "ती भांडत नायत."

तिसऱ्या मजल्यावर कडुबा मगरे भाड्यानं राहायचा. चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होता. बायको गीताबाई, आणि एक लहानगी मुलगी. माणसं बौद्ध. आमच्याकडच्या बायका सुशिक्षित, त्यामुळे तोंडानं कोणी काही बोललं नाही, पण हौदावर गीताबाईची कळशी पुढं सरकली की दोघीतिघी आपापल्या कळश्या मागं ओढून घ्यायच्या. मला त्यांचा असा संताप यायचा! सोनाजीला काही बोलावं लागायचं नाही. तो गीताबाईची कळशी स्वतः भरून जिन्यापर्यंत नेऊन ठेवायचा.

सोनाजीला बहीण नव्हती. पहिल्याच दिवाळीला गीताबाईनं त्याला वर बोलावून पाटावर बसवलं आणि भाऊबीजेचं ओवाळलं. बाकीच्या घरांतून त्याला चहा मिळायचा तो कानतुटक्या कपात, तोही दाराबाहेर. गीताबाईनं घरातल्या कपबशीत दिला. पुढं कित्येक दिवस तो ज्याला त्याला सांगत सुटला होता, "माझ्या बहिणीनं बशीसकट चहा दिला."

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून मराठवाडा कित्येक वर्षं धुमसत होता. त्या शेवटच्या हिवाळ्यात तो पुन्हा पेटतो की काय, असं वाटायला लागलं. खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या. रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या उभ्या. आमच्या जिन्यातही गीताबाई दिसली की चाललेलं बोलणं तुटायचं, आणि ते तुटणं तिला बरोबर ऐकू यायचं. अठ्ठ्याहत्तरला गावात तिच्या बापाचं घर जाळलं होतं. आदल्या दिवशी कोणीतरी त्यांच्या गल्लीतल्या काही दारांवर चुन्याच्या फुल्या मारून गेलं होतं. तिचा बाप पाटलाकडं विचारायला गेला. "पोरांचा खेळ हाय, जाय घरी," असं उत्तर घेऊन तो परतला, आणि त्यावर विश्वास ठेवून सगळे घरातच राहिले. हे तिनं मला एकदा गहू निवडता निवडता सांगितलं होतं. सांगताना तिचे हात थांबले नव्हते.

तिनं फाटकापाशी येऊन सोनाजीला विचारलं, "दादा, हितं तर काय व्हनार नाय ना?"

"मी फाटकावर हाय तवर भिऊ नको, गीताबाई," तो म्हणाला. "आधी मला आडवं करावं लागंल."

तिनं तो शब्द धरला. कडुबा खोली बदलायचं म्हणत होता, तिनंच त्याला थांबवलं.

आणि नेमका खुलताबादहून निरोप आला, सूर्यभानचं काही खरं नाही, असशील तसा निघ. फाटक कोणावर टाकायचं? त्याचा मेहुणा मुंजाबा चितेगावला हमाली करायचा. त्याला बोलावणं धाडलं, पण तो बिल्डिंगीत येईपर्यंत थांबायला सवड नव्हती, स्टँडवरच गाठ घ्यायचं ठरलं. मुंजाबाला अक्षर ओळखता येत नव्हतं, दारांवरच्या पाट्या त्याला सगळ्या सारख्या. मग सोनाजीनं तेच केलं, जे त्याच्या बापानं आणि आज्यानं केलं होतं. धनगर दुसऱ्याच्या हाती कळप सोपवून जातो, तेव्हा जपायच्या जनावराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढून जातो. गाभण मेंढी असेल, दुबळं कोकरू असेल. राखणाऱ्यानं आधी त्याच्याकडं बघायचं. सोनाजीनं बानाबाईकडचा चूल सारवायचा गेरू कालवला, तिसऱ्या मजल्यावर गेला आणि मगऱ्यांच्या दारावर लालभडक पट्टा ओढला. दाराला कुलूप होतं. कडुबा पाळीवर, गीताबाई मुलीला घेऊन दवाखान्यात. स्टँडवर मुंजाबाला त्यानं बजावलं, "गेरूच्या दारावरची नजर हलू देऊ नको." आणि बानाबाईला घेऊन तो गाडीत बसला.

मी शाळेतून आले तेव्हा फाटकात टेम्पो उभा होता. मुंजाबा मगऱ्यांची ट्रंक चढवत होता. कडुबा अजून कामाच्याच कपड्यांत, खाली मान घालून दोर आवळत होता. गीताबाई मुलीला छातीशी धरून पुढं बसलेली.

"अगं, हे काय? कुठं निघालात?"

"बाई, आमच्या दाराला खूण केलीय. साऱ्या बिल्डिंगीत आमच्या एकट्याच्या."

"कोणी?"

तिनं मुंजाबाकडं बघितलं. "ह्यांनला विचारलं मी. म्हनले, सोनाजीनंच लावलीय, तुमच्याच दारावर नजर ठेवायला सांगितलंय." तिनं मुलीला आणखी जवळ ओढलं. "दादानं, बाई. माझ्या दादानं."

मला गेरूचं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "सोनाजी असं करणार नाही. तो येऊ दे, आपण विचारू त्याला."

"इचारायला थांबलेली मानसं मी पाह्यलीत, बाई," ती म्हणाली. टेम्पो निघून गेला.

भावाला माती देऊन, डोक्याचं मुंडण केलेला सोनाजी परत आला. मुंजाबा मोठ्या उमेदीनं पुढं झाला. "दाजी, गेरूवाल्यांचं सामान लई जपून चढवलं. एक बशी फुटू दिली नाय." सोनाजी जिना चढून वर गेला. दार उघडं, आत नुसत्या भिंती. खाली आल्यावर मीच त्याला सगळं सांगितलं. भावासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, ते आता आलं. त्या मोठ्या माणसाला तसं पायरीवर बसून रडताना बघणं मला सहन झालं नाही. मी घरात निघून आले.

संक्रांतीला नामांतर झालं. शहर हळूहळू निवळलं. सोनाजी मग कडुबाच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला. कडुबानं त्याचं सगळं ऐकून घेतलं, सायकलवर डबलसीट बसवलं आणि छावणीकडच्या नव्या खोलीवर नेलं.

परत आल्यावर तो आमच्या दारात बसला. मी त्याला आत बोलावलं, पण तो उठला नाही. मी दारातच चहा नेला, बशीसकट. त्यानं तो हातात धरून ठेवला.

"मानलं का तिनं?" मी विचारलं.

"मानलं की. पोरीला माझ्या मांडीवर दिलं. चहा केला. मंग म्हनली, 'दादा, तुमचं खरं हाय. तुमच्यावर राग नाय. पन त्या दिशी तुमचं नाव ऐकून जे भ्या वाटलं, ते काय केल्या जात नाय. आता तुम्ही दारात दिसले, तवाबी वाटलं.'"

मी उंबऱ्यावर टेकले.

"तिची कायीच चूक नाय, बाई," तो म्हणाला. "कळपात कोन कुनाला इचारतं? पट्टा वढायचा अन् निघायचं. मेंढराला सांगावं लागत नाय. म्या तिलाबी सांगितलं नाय."

चहा तसाच ठेवून तो उठला. हौदावर पाणी आलं होतं, बायका भांडत होत्या. उन्हाळ्यात तो सूर्यभानचा कळप सांभाळायला खुलताबादला निघून गेला. त्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी मी उगाचच दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.