अजून थोडा हिरवा

बोरिवली पूर्वेला आमच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसायचा. घर घेताना ह्यांनी स्वयंपाकघर पाहिलं नाही, पाणी किती वाजता येतं ते विचारलं नाही. बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, हेच घ्यायचं. मी म्हटलं होतं, डोंगर काय भाजून खायचाय? पुढं तीस वर्षं त्यांनी सकाळचा चहा डोंगराकडे बघत घेतला आणि मी पाठ करून डबे भरले. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसायला लागले, तेव्हा कुठं मला डोंगर दिसला.

आणि दिसायला लागला तोच समोरची सोसायटी पाडून टॉवर चढायला लागला. मुलगा परदेशातून म्हणाला, आई, फोटो काढून ठेव ना. काढले. फोटोत डोंगर एवढासा येतो, उशी ठेवल्यासारखा. शेजारणीनं तिच्या माहेरच्या घराचं जलरंगातलं चित्र करून घेतलं होतं. तिच्याकडून त्या चित्रकार मुलीचा नंबर घेतला. तिशीची असेल, चेंबूरला राहायची. ती म्हणाली, काकू, फोटो पाठवा, मी घरी बसून काढते. मी सांगितलं, मला बाई फोटो पाठवता येत नाहीत. रोज सकाळी तीस जणांना सुप्रभातची फुलं पाठवणारी मी, पण तेव्हा तोंडातून गेलं ते गेलं. मला घरात कोणीतरी यायला हवं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ती आली. फळीवर कागद चिकटवला, सगळा ओला केला आणि त्यात आभाळाचा रंग सोडला. मग ब्रश खाली ठेवून म्हणाली, आता सुकेपर्यंत थांबायचं. ओल्यात दुसरा रंग घातला तर पसरतो. ही थांबायची रीत मला एकदम पसंत पडली. मी थालीपीठ लावलं. ती खाता खाता आईच्या गुडघ्यांबद्दल, दोनदा मोडलेल्या लग्नाबद्दल बोलली. मी ह्यांच्याबद्दल बोलले, चार वर्षांत बोलले नव्हते इतकं. तिनं विचारलं, पंखा लावू का, लवकर सुकेल. मी म्हटलं, रेग्युलेटर बिघडलाय. खोटं. दोघी घामाघूम होऊन बसलो.

तिसऱ्या रविवारी ती मागं सरकली आणि म्हणाली, "झालं काकू. आता ह्याला हात नाही लावायचा."

चित्र झकास झालं होतं. खालची झाडी गडद, वर जाता जाता डोंगर हलका होत गेलेला, आणि एका ठिकाणी कागद तसाच कोरा सोडून तिनं ऊन दाखवलेलं. ह्यांच्या खुर्चीतून दिसायचा तसाच. मला भरून यायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता पुढच्या रविवारी काय.

"मागचा भाग जरा फिका वाटतोय ना?" मी म्हटलं. "अजून थोडा हिरवा हवा होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं, पुढच्या रविवारी करते.

आमच्याकडे पानावरून कोणाला तसं उठू देत नाहीत. पाहुणा नको नको म्हणत असतो आणि आपण वाढत असतो. मी चित्राचंही तेच केलं. चौथ्या रविवारी हिरवा वाढला. पाचव्या रविवारी मी म्हटलं, थंडीनं गवत पिवळं पडलंय, ते यायला हवं. डोंगर रोज बदलणारच काकू, ती म्हणाली, पण बदललंन. मग सावली कमी वाटली, मग उन्हाची ती कोरी जागा फार पांढरी वाटली. तीही भरली. समोर टॉवर चढत होता, इकडे मी शिरा, पोहे, घावन करत होते आणि मजेत होते. इतकी मजेत, की चित्राकडे मी धड बघतही नव्हते.

सातव्या रविवारी तिनं ब्रश टेकवला आणि कागदाची सालं निघायला लागली. तिनं ब्रश धुतला, पुसला, डब्यात ठेवला.

"काकू, आता ह्यात रंग बसत नाही. कागद मेला."

तेव्हा मी नीट पाहिलं. डोंगर कुठंच नव्हता. गढूळ, मातकट काहीतरी होतं, पावसात डबकं साचावं तसं. अति तिथं माती म्हणतात, ती माझ्या पुढ्यात फळीवर चिकटवलेली होती. मी म्हटलं, माझंच चुकलं. निघताना चप्पल घालता घालता तिनं हात वर करून पंख्याचं बटण दाबलं आणि रेग्युलेटर फिरवला. पंखा भरभर फिरायला लागला. जाते हं काकू, म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिसऱ्या रविवारच्या चित्राचा फोटो होता, खाली एकच ओळ: "तुम्हाला हे आवडलं होतं, मला कळलं होतं."

म्हणजे पुढचे चार रविवार ती माझ्यासाठीच येत होती, आपल्या हातानं आपलंच चांगलं चित्र खराब करत. मला इतकी शरम वाटली, की मी उत्तरच दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ करत होळी आली.

मातकट चित्र फ्रेम करून बाल्कनीच्या दाराशेजारी लावलंय. येणारे विचारतात, पावसाळ्यातलं आहे का? मी हो म्हणते. टॉवरनं गेल्या आठवड्यात डोंगराचा शेवटचा तुकडाही झाकला. खुर्चीत बसलं की समोर हिरवं जाळं आणि सिमेंट. तिसऱ्या रविवारचा डोंगर नीट पाहिलेली आता ती एकटीच आहे. मी तर तेव्हाही पुढच्या रविवारकडेच बघत होते.

काल तिला लिहायला घेतलं. आधी लिहिलं, दुसरं चित्र काढायचं आहे. पुसलं. ह्यांचा फोटो देते, लिहिलं. तेही पुसलं. शेवटी लिहिलं: "रविवारी ये. काम काही नाही. एकटी असते."

पाठवलं. दोन खुणा आल्या आहेत, अजून निळ्या झालेल्या नाहीत.