अहमदीचे मैदानवाले चाचा

मैदानवाले चाचा कुणालाही मैदानाच्या मधून जाऊ देत नसत. मोठा साहेब असो की माझ्यासारखी नर्स, चारी कोपऱ्यांना वळसा घालूनच पलीकडे जायचं. आखातातल्या अहमदीत तेलकंपनीच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकन लोकांनी बेसबॉलसाठी बांधलेलं ते मैदान. बसायला लाकडी फळ्या, वर पत्रा, आणि भोवती कंपनीचे बैठे बंगले, कण्हेरीची कुंपणं. मी जवळच्या गावात, फिंतासला राहायचे, पण दवाखाना अहमदीत. ड्यूटी संपली की तिथं टेकायचे, तेवढीच सावली.

चाचा रत्नागिरीकडचे. खेळातलं त्यांना किती कळत होतं देव जाणे. आमच्या दवाखान्यातल्या पुणेकर डॉक्टरांनी एकदा विचारलं, स्टंप कुठे ठोकता? चाचा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, इथं स्टंप नाय. आऊट मात्र करतात." डॉक्टर कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत.

तिथं गवत कुठलं? नुसती वाळू. ती उडू नये म्हणून वर्षातून एकदा चाचा तिच्यावर कच्चं तेल शिंपडत, रूळ फिरवत, मग वर चुन्याच्या रेघा मारत. तेल किती घालायचं हे मला असं समजावत, जणू मी घरी जाऊन तेच करणार आहे.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य शिरलं. आम्ही बसनं, जॉर्डनमार्गे, कसेबसे सुटलो. चाचा आले नाहीत. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मी कामावर परतले तेव्हा तेलाच्या विहिरी जळत होत्या. भर दुपारी दिवे लावावे लागत. आभाळातून तेलाचे थेंब पडत, मैदान काळंकुळकुळीत. चाचा रोज सकाळी चुना टाकत आणि संध्याकाळपर्यंत रेघा बुडून जात. त्यात तो खोकला. छातीतली घरघर मला शेजारी बसूनसुद्धा ऐकू यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या धुरात आणखी राहिलात तर गाव दिसायचं नाही. कंपनी तिकीट द्यायला तयार होती. चाचांचं आपलं एकच. "कुणीतरी येऊ दे मैदान बघायला, बाय. असं रिकामं टाकून कसा जाऊ?" मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मग नाद सोडला. तेव्हा आम्ही सगळेच इतके दमलो होतो की भांडायलाही जोर नव्हता.

एका शुक्रवारी एक अमेरिकन आला. आगी विझवणाऱ्यांतला, पन्नाशीचा, डोक्यापासून बुटांपर्यंत तेलात माखलेला. त्याचे वडील पूर्वी इथं नोकरीला होते, याच मैदानावर खेळायचे, म्हणून बघायला आलेला. चाचांनी खोकत खोकत त्याला सगळं फिरवून दाखवलं. मग तो जरा बसतो म्हणाला, फळीवर आडवा झाला आणि बुटांसकट गाढ झोपला. चाचांना उबळ आली की ते तोंडावर रुमाल दाबून फाटकाबाहेर जात, तिथं खोकत आणि परत येऊन बसत. दोन तास असंच चाललं.

तो उठून गेल्यावर चाचा मला म्हणाले, "बाय, तिकिटाचं सांग कंपनीत."

"झालं तुमच्या मनासारखं? त्यानं धड पाहिलंही नाही."

"दमलेला गो. त्याला इथं झोप लागली. आता जातो."

त्याच आठवड्यात ते गावी गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं. खोकला कमी आहे, पण अब्बा दिवसभर झोपून असतात, काही औषध द्यावं का, असं तिनं विचारलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, उठवू नकोस.