माशा पुसलेला फोटो

देवराव काकाजी गेल्याची खबर मला फोनवर आली, इचोड्याच्या बसस्टँडवर उभी असताना. हार घातलेला फोटो आणि खाली दोन ओळी. फोटो मोठा करून पाहिला आणि पहिला विचार आला तो हा, की हे बनावट असणार. फोटोतला माणूस गोरा होता, अंगात कोट होता, आणि कपाळावरचा बैलाच्या शिंगाचा व्रण कुठंच नव्हता. चेहरा एवढा खोटा, तर मरणही खोटं असू दे, असं क्षणभर वाटून गेलं... मग काकूंना फोन लावला. त्या नुसत्या रडत राहिल्या, तेव्हा कळलं की बातमी खरी आहे. आता महिना होत आला.

काकाजी आदिलाबादला विमा कंपनीत तपासनीस होते, गेल्याच वर्षी निवृत्त झाले. कुणाचा बैल मेला, म्हैस मेली, की ती खरंच मेली का आणि विमा उतरवलेलं जनावर तेच का, हे पाहायचं काम. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा खोट्या फोटोंचा नुसता सुळसुळाट झाला होता. फोनला सांगितलं की तो बसल्या जागी मेलेली म्हैस तयार करून देतो. आम्ही तरणीताठी माणसं हैराण, आणि निवृत्तीला टेकलेल्या या गृहस्थानं काय करावं? नवा फोन घेतला आणि पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत स्वतःच खोटे फोटो बनवत बसले. एकदा सहा पायांचा बैल तयार झाला. तो मला दाखवत म्हणाले, "पाह्य वं पोरी, हा फोन चुकते कुठं, ते आता समजून राह्यलं मले."

त्यांचे प्रश्न मात्र तीनच असत. फोटू कोनं काढला, कवा काढला, अन् काढल्यावर मंग काय केलं. आणि कुठल्याही गावाला गेलं तरी गाडी शिवेवर लावून पायीच आत शिरायचं. "गाडीनं गेलं का आपली खबर आपल्याआधी पोचते. पायी गेलं का गावच आपल्याशी बोलते," म्हणायचे. मी उन्हानं करवादायची. ते ढिम्म.

बेल्याजवळच्या एका गावातून गंगूबाईंचा दावा आला तेव्हा मी कामात चांगली मुरले आहे, अशी माझी समजूत होती. बाई विधवा. बैलजोडी भाड्यानं देऊन घर चालवायच्या. जोडीतला एक मेला, आणि एकट्या बैलाला कोण जुंपतं? दुसरा घेता आला नाही तर उरलेलाही विकावा लागणार होता. पाठवलेला फोटो पाहून मी तर हसलेच. बैल झोपल्यासारखा स्वच्छ, अंगावर पोळ्याची झूल, कपाळाला हळदकुंकू. आणि कानातल्या विम्याच्या बिल्ल्यावरचे आकडे कोणत्याच लिपीतले नव्हते. हापिसातल्या संगणकानंही शेरा दिला की चित्र यंत्रानं बनवलेलं आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी 'बनावट' असं लिहिलं, आणि वर गंगूबाईंना फोनवर पोलिसांची धमकीही देऊन टाकली.

काकाजींनी माझा कागद सावकाश वाचला. "खोटं चित्र बराबर धरलं तुनं," ते म्हणाले, "पन खोटं मानूस कुठं धरलं? चाल."

शिवेपासून पायी गेलो. गंगूबाई अंगणात बसल्या होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "पोलीस कुठी हायेत?" काकाजी उरलेल्या बैलाजवळ उकिडवे बसले, त्याची मान खाजवली, मग तिथूनच एकेक करून प्रश्न विचारले. फोटो सुनेनं काढला होता, सकाळीच. "अन् मंग काय केलं?" या प्रश्नावर सुनेनं आधी गंगूबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "डोयात माशा बसल्या होत्या जी. आत्याबाई म्हने, असा नको धाडू. मंग मीनं फोनले सांगून माशा पुसल्या."

"आठ वर्सं राबला तो माह्या घरी," गंगूबाई म्हणाल्या. "त्याले तसा दाखवू का लोकाईले?"

मूळ फोटो सुनेच्या फोनमध्येच होता. त्यात झूल, हळदकुंकू तेच, पण माशा होत्या, शेण होतं, आणि बिल्ल्यावरचा आकडा आमच्या कागदाशी तंतोतंत जुळत होता. फोननं माशा पुसता पुसता आकडेही बिघडवले होते. शेजाऱ्यांनी बैल पुरला ती जागा दाखवली, जबाब दिले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं माझं, मावशी," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पानी पे पह्यले." आम्ही निघता निघता सुनेनं काकाजींच्याच फोनवर त्यांचा उरलेल्या बैलासोबत एक फोटो काढला.

दावा मंजूर झाला आणि पेरणीआधीच्या वखरणीच्या आत गंगूबाईंची जोडी पुन्हा जमली. आता आमच्या हापिसात मूळ फोटो मागितल्याशिवाय आणि तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी 'बनावट' लिहीत नाही. म्हणून खोटे सुटतात असंही नाही. परवा एकाला फोटोत म्हशीमागं दिसतं ते चिंचेचं झाड दाखवा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं दावाच मागं घेतला. हे ऐकायला काकाजी नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले. भिंतीवर तोच गोरा, कोटातला माणूस. "कसे दिसून राह्यले?" काकूंनी विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी जुनी खोड, पण या वेळी आधी पाणी प्याले आणि मग विचारलं, "काकू, हा फोटो कोणी काढला?"

"बेल्याकडच्या त्या बाईच्या सुनेनं. तुमी दोघं गेले होते नं, तवा."

"मग नंतर काय केलं?"

"स्टुडिओत नेला. तो म्हने, डाग बरा नाई दिसत, घालवतो. कोट बी त्यानंच घातला." काकू हसल्या. "कोट तं त्यायनं लग्नातबी नवता घातला, बाई..."

मग त्यांनी आतून काकाजींचा फोन आणला. मूळ फोटो त्यात होता. काकाजी उकिडवे बसलेले, पाय धुळीनं भरलेले, एक हात बैलाच्या मानेवर, कपाळावर तो व्रण.

"हाच लावू आपन," काकू म्हणाल्या.

"खांद्यावर माशी बसलीय, काकू."

"राहू दे."