उणे पस्तीस वर्षांची आई

आमच्या कात्रजच्या सोसायटीत मला ‘गणितवाले आजोबा’ म्हणतात. ते खरं नाही. तोंडाने सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी बँकेत होतो, तेव्हा माझं गणित चांगलंच असणार असं लोकांनी परस्पर ठरवलं. मुलं गुणोत्तराची उदाहरणं घेऊन यायची. मी ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून कागदासकट स्वयंपाकघरात जायचो. माझी बायको लग्नाआधी गणित घेऊन बीएस्सी झालेली. पोळ्या लाटता लाटता ती समीकरण सांगायची आणि मी बाहेर येऊन ते माझं म्हणून मांडायचो. मला मधुमेह असावा असं बऱ्याच मुलांना वाटत असे. सोसायटीने मला शाल-श्रीफळ दिलं तेव्हा ती दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. ‘तुम्हीच बसा पुढे, मला कुठे वेळ आहे,’ असं ती एकदा म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं निभावून नेलं.

गेल्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन दिवस वाचायचं नाही, डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकी त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. नववीत आहे. चेहरा रडवेला.

“आजोबा, उद्या टेस्ट आहे आणि मला हा टाइप येतच नाहीये.”

आई आणि मुलगी यांच्या वयांचं गुणोत्तर ७:२ आहे. पाच वर्षांनी ते ८:३ होईल. तर आजची वयं काढा.

कागद आत नेऊन उपयोग नव्हता. सात-दोन, पाच, आठ-तीन असं घोकत मी खोलीत गेलो. कुजबुजत आकडे सांगितले.

“पाच वर्षांनी की पाच वर्षांपूर्वी?” तिने विचारलं.

ते मी विसरलो होतो. परत जाऊन पाहिलं तर मुलीला काय वाटेल?

“पूर्वी,” मी ठोकून दिलं.

डोळे मिटूनच तिने मनात हिशेब मांडला. मग म्हणाली, “अहो, आईचं वय उणे पस्तीस येतंय. बाई अजून जन्मायची आहे आणि तिला मुलगी आहे. कुठून आणलंत हे?”

“हळू बोल.”

“का? चोरी केलीय?”

उद्या या पोरीचा पेपर बिघडला असता, तरी तिने दोष स्वतःलाच दिला असता. गणितवाले आजोबा कसे चुकतील? आजवर असं किती जणांचं झालं असेल?

“तिलाच आत पाठवू?”

“पाठवा. डोळे मिटलेत, तोंड नाही.”

मुलगी पलंगाशी बसली, मी दारात उभा राहिलो. बायकोला शिकवताना मी कधी ऐकलंच नव्हतं. ती उत्तर सांगतच नव्हती.

“वयं सात आणि दोनच आहेत का?”

“नाही. सात भाग आणि दोन भाग.”

“एक भाग केवढा?”

“माहीत नाही… म्हणजे x!”

“मग पाच वर्षं कोणाची वाढतील?”

“आईची.”

“आणि मुलगी काय तशीच बसून राहणार?”

मुलगी खुदकन हसली. “दोघींची! सात x अधिक पाच, दोन x अधिक पाच!”

x पाच निघाला. आई पस्तीस, मुलगी दहा. मी इतकी वर्षं मुलांना नुसती उत्तरं वाटली होती.

मुलीला न्यायला तिचे वडील आले. “काका, फार त्रास देते ना ही तुम्हाला?”

“मी नाही शिकवलं. कधीच नाही. सगळ्यांना आमच्या हिनेच शिकवलं.”

ते हसले. “काका, हा तुमचा मोठेपणा आहे.”

“बाबा, खरंच, आजींनीच…” मुलगी म्हणाली.

“हो हो, दोघांनी मिळून. चल, आई जेवायला थांबलीय.”

मी आत गेलो. “सांगितलं मी त्यांना. पटलं नाही.”

“कसं पटेल? इतकी वर्षं तुमची तयारी पक्की होती.”

आवाजात राग आहे की नाही, कळेना. जे कधीच विचारलं नव्हतं ते मी विचारलं, “तुला वाईट वाटायचं का गं?”

“आधी डोळ्यात थेंब घाला. ते नंतर.”

मी औषधाची बाटली उघडली. पहिला थेंब तिच्या गालावर पडला.

तो विषय तिने अजून काढलेला नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.