एल्कच्या ओळीतली गोळी

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तरी गेली काही वर्षं अमेरिकेतल्या माणसांना हरणासाठी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगते. राहते बोरिवलीत, बसते मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर आम्ही परदेशी दुकानांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहितो. आधी मी मिक्सरवर लिहिलं, मग गाद्यांवर, मग कुत्र्यांच्या खाण्यावर. शिकारीच्या सामानाचं दुकान आलं तेव्हा सगळ्यांनी माना फिरवल्या. एकीच्या घरी चाललं नसतं, एकाला जीव घ्यायची गोष्ट नको होती, बाकीच्यांना कंटाळा होता. मी म्हटलं, द्या इकडे.

"ताई, इथे हरणाकडे वाकडं बघितलं तरी आत टाकतात," आमचा लीड म्हणाला होता. तिशीतला मुलगा, सगळ्या कामांचं वाटप त्याच्याकडे. "जामिनाला मला नका बोलावू हां."

"तुला कोण बोलावतंय? तुझी सही तरी कुणाला वाचता येते का?" मी म्हटलं आणि कामाला लागले.

माझी पद्धत म्हणजे आधी यादी. जनावर कोणतं, त्याचं वजन किती, अंतर किती, रायफल कुठल्या बोअरची म्हणजे नळीच्या मापाची, गोळी बरगड्यांतून जाणार की खांद्याच्या हाडातून. एवढं माहीत असल्याशिवाय मी एक वाक्यही लिहिलं नाही. महिनाभर वाचत राहिले. नवख्याला वाटतं, गोळी जितकी वेगवान तितकी चांगली. पण खरा प्रश्न असतो, आत शिरल्यावर ती काय करते. शिशावर तांब्याचं आवरण असतं. ते पातळ असलं तर गोळी लागताक्षणी फुटते आणि तिचे तुकडे होतात. कोल्ह्याएवढ्या जनावराला ती पुरते, ते जागीच पडतं. मोठ्या जनावराच्या खांद्यावर तीच गोळी हाडाला लागून बाहेरच्या बाहेर फुटते. जखम पसरट होते, फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. हरणासाठी मऊ टोकाची गोळी बरी, ती आत जाऊन अळंबीसारखी उमलते. आणि एल्कसाठी, म्हणजे आपल्या सांबराचा घोड्याएवढा भाऊबंद म्हणा, जाड आवरणाची नाहीतर अखंड तांब्याची जड गोळी लागते. हाड फोडून ती आत जाते.

एका रविवारी सकाळी मी नॅशनल पार्कात गेले, जाळीमागचे चितळ बघायला. खांदा नेमका कुठे संपतो, पुढचा पाय टाकला की बरगडी कशी उघडी पडते, हे वहीत काढून घेतलं. शेजारी एक बाई चितळांना गाजर खाऊ घालायचं नाही म्हणून नातवावर ओरडत होती. मी चितळाच्या काखेवर फुली मारत होते.

त्यातून जो तक्ता तयार झाला, तो माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात स्वच्छ तक्ता होता. डावीकडे जनावरं, वर अंतरं, मधल्या चौकटींत गोळ्या. घरी तो मी माझ्या वडिलांना वाचून दाखवला. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याकडेच असतात. गिरणीत लागण्याआधी, शिकारबंदीचा कायदा यायच्या कितीतरी आधी, गावाला रानडुकरं रताळी उकरायची तेव्हा तरुण पोरांबरोबर ते पारधीला जायचे. तक्ता ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"छऱ्यान डुकर मरणा नाय गो," ते म्हणाले. "धावता. मगे जाळयेत पडान कुजता."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. त्यांच्या वाडीत रीत होती की जनावर जखमी होऊन पळालं, तर ज्याचा बार लागला त्यानंच माग काढायचा, आणि ते सापडेपर्यंत कुणी बाकीच्या शिकारीचेही वाटे करायचे नाहीत. एकदा घाईत त्यांनी नळीत पक्ष्यांसाठीचे बारीक छरे असतानाच डुकरावर बार काढला. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते एकटे करवंदीच्या जाळ्यांतून फिरले. डुक्कर सापडलं. "जिता होता," एवढंच म्हणाले. मग चष्मा परत लावून म्हणाले, "नीट लिव. वाचणारो उद्या तीच गोळी घेतलो."

तक्ता वेबसाइटवर चढला आणि चांगला चालला. दुकानवाल्यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. लीडनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि माझ्यासाठी खालून समोसे मागवले. मला ते आवडलं, नाही म्हणत नाही.

नंतर हिवाळ्याच्या तोंडाशी, तिकडचा शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, लीड खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

"ताई, एक छोटा बदल. ती पातळ आवरणाची गोळी आहे ना, कोल्ह्यांच्या ओळीतली? ती हरणाच्या आणि एल्कच्या ओळीतही टाकायची आहे. बहुउपयोगी म्हणून."

"ती एल्कला चालत नाही."

"क्लायंटकडे ढीग पडलाय तिचा."

"म्हणून ती एल्कला चालायला लागते का?"

"अहो ताई, तुम्ही काय तिकडे जंगलात राहता का? त्यांचं दुकान, त्यांची गोळी."

मी त्याला पाच मुद्दे लिहून दिले. आवरण, वजन, हाड, अंतर, आणि पाचवा म्हणजे तिच्या डबीवर बनवणाऱ्यानंच लहान जनावरांसाठी असं छापलेलं आहे. त्यानं कागद वाचला. खरंच वाचला, ओठ हलत होते. मग घडी घालून मला परत दिला.

"मुद्दे झकास आहेत. पण यार ताई, महिनाअखेर त्यांचं काँट्रॅक्ट संपतंय. गेलं तर आपल्या दोघांपैकी एकालाच ठेवतील. आणि खरं सांगू? तक्ते आता मशीनसुद्धा करतं."

आमच्या विभागातून त्या वर्षी दोघं आधीच गेली होती. एकीची रिकामी खुर्ची माझ्या समोरच होती, तिच्या पाठीवर तिची ओढणी तशीच राहिली होती. माझं वय एक्कावन्न. या वयात नवीन नोकरीसाठी काय काय करावं लागतं त्याचीही माझ्याकडे यादी होती आणि तिच्यातल्या पहिल्याच गोष्टीला मला घाम फुटत होता.

मी हरणाच्या ओळीत ती गोळी टाकली. एल्कच्या ओळीसाठी दोन दिवस टाळाटाळ केली, मग तिथेही टाकली. पण तशीच सोडवेना. म्हणून खाली बारीक अक्षरात एक वाक्य जोडलं: जवळच्या अंतरावर, आणि नेम अचूक असल्यास. मला वाटलं, वाचणारा सावध होईल. लीडला ते वाक्य फार आवडलं. "हे बेस्ट केलंत," तो म्हणाला. त्याला ते का आवडलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी इतकी वर्षं वापराच्या सूचना लिहिल्या आहेत.

वडिलांना यातलं काही सांगितलं नाही.

काँट्रॅक्ट वाढलं. पाच-सहा आठवड्यांनी दुकानाकडे एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, आणि गोळ्यांचं मलाच कळतं म्हणून उत्तर लिहायला माझ्याकडे आली. पत्र लांबलचक होतं. माणूस शाळेत मुलांना सुतारकाम शिकवणारा. आमचा तक्ता बघून त्यानं ती गोळी घेतली होती. नर एल्क, सत्तर-ऐंशी पावलांवर, आडवा उभा. रायफल फांदीच्या बेचक्यात टेकवून त्यानं बार काढला. एल्क अडखळला आणि पळाला. जिथे उभा होता तिथे त्याला केस मिळाले, हाडाची कपची मिळाली, आवरणाचे तुकडे मिळाले. थोडं रक्त, तेही पुढे तुटलं. दोन दिवस तो शोधत राहिला. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि खुणा गेल्या. त्याला पैसे परत नको होते. त्याचा एकच प्रश्न होता: माझं काय चुकलं?

मी पत्र दोनदा वाचलं. खांद्याचे केस, हाडाची कपची, बाहेरच सापडलेले तुकडे. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली होती आणि तिथेच फुटली होती. माझ्या पाच मुद्द्यांतला एकेक त्या माणसानं रानात हातानं उचलून पाहिला होता.

"लिहू का, गोळी चुकीची होती म्हणून?" मी लीडला विचारलं.

"वेड लागलंय का ताई? कोर्टात जाईल तो. आणि आपण लिहिलंय ना खाली, नेम अचूक असल्यास म्हणून? तेच वापरा. प्रेमानं."

प्रेमानं लिहिणं हे माझं काम. सहानुभूतीचा परिच्छेद, आभाराचा परिच्छेद, आणि मध्ये असं वाक्य की उत्तेजित अवस्थेत अनुभवी शिकाऱ्याचाही नेम बोटभर सरकतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. हे वाक्य मी स्वतः बनवलं. कुणी सांगितलं नव्हतं. चांगलं जमलं होतं, एकदाही खोडावं लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मी ते पाठवून दिलं आणि डबा उघडला.

चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. त्यानं माझे आभार मानले होते. लिहिलं होतं की तुमचं बरोबर असणार, मी स्वतःला फार समजत होतो. आता पुढच्या हंगामापर्यंत दर शनिवारी सरावाला जाणार, आणि तोपर्यंत जनावरावर बंदूक धरणार नाही. लीडनं ते पत्र मला पुढे पाठवलं, वर एक ओळ टाकून: बघा ताई, कस्टमर खुश!

त्या दिवशी मी उठले. पाच मुद्द्यांचा कागद ड्रॉवरमधून काढला, त्याखाली सहावा मुद्दा म्हणून त्या माणसाचं पहिलं पत्र जोडलं आणि लीडच्या टेबलावर ठेवलं. "एल्कच्या ओळीतून ती गोळी काढ. नाहीतर मला काढ," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण दोन-तीन माना वळल्या.

तो गडबडला. "अहो, बसा तरी. एवढं काय त्यात? काढा ना. तो माल कधीच संपला, मागच्या आठवड्यातच. आता तुम्हाला हवं ते टाका."

मी उभीच होते. भांडायची सगळी तयारी करून आले होते आणि समोर भांडायला काहीच शिल्लक नव्हतं.

"मग त्या माणसाला कळवते," मी म्हटलं. "गोळीमुळे झालं म्हणून."

"कशाला? तक्रार बंद झाली. तो खुश आहे. उगाच कशाला उकरायचं?"

त्या माणसाचा पत्ता दुकानाकडे आहे. आमच्याकडून जाणारं प्रत्येक पत्र लीडच्या मंजुरीनं जातं. मी मजकूर लिहून दिला, चार ओळींचा. तो मंजुरीच्या रांगेत आहे, अजून आहे. मी दर सोमवारी आठवण करून देते, लीड दर सोमवारी हो म्हणतो.

तक्ता मात्र मी त्याच दुपारी दुरुस्त केला. त्याला काही मिनिटं लागली. हरणाच्या ओळीतूनही ती गोळी काढली, खालचं बारीक अक्षरातलं वाक्यही काढलं. आता एल्कच्या ओळीत जाड आवरणाची गोळी आहे, तिच्याशेजारी अखंड तांब्याची, आणि कुणीही बघितलं तरी तक्ता पहिल्यापासून असाच होता असं वाटेल. आणि तिकडे एक चांगला नेमबाज दर शनिवारी आपला नेम सुधारायला जातो.